दादांचं ‘तकलीफ देतो’

आज सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला कचेरीत गेलो. ‘नियमानुसार लेखी उत्तर द्या,’ असं कारकुनाला सुनावलं. मान वर न करता तो म्हणाला, ‘सोमवारी या.’

माझ्यामागं देवगाव रंगारीचे एक म्हातारे मेंढपाळ होते. ‘साहेब, जरा तकलीफ देतो,’ ते म्हणाले. कारकुनानं त्यांना खुर्ची दिली.

हे तर माझ्या वडिलांचं, दादांचं वाक्य. निजामाच्या काळात लागलेली सवय पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला तरी सुटली नाही. शिपायालासुद्धा तसंच म्हणायचे. मला लई लाज वाटायची.

‘आता राज्य आपलं आहे, कशाला वाकता?’ मी एकदा विचारलं.

‘वाकत नाय रे. समोरच्याला माणूस म्हणतो.’

मघाशी घरी ते वाक्य म्हणून पाहिलं. आवाज दादांचाच आला.

तुमच्या घरातलं असं कोणतं वाक्य तुम्ही लाजेपोटी टाकून दिलंय?