सांगायला कोणी नव्हतं

"सखाराम, त्याला सांग, खिडकी लाव."

खिडकी माझ्या खांद्याला लागून. हे म्हणणारे भाऊसाहेब, आमचे हेडक्लार्क, माझ्यापासून दोन हातांवर बसलेले. सखाराम शिपाई दाराबाहेर स्टुलावर. तो उठायचा, आत यायचा, माझ्यासमोर उभा राहून म्हणायचा, "भाऊसाहेब म्हणतायत, खिडकी लावा." मग मी लावायची. एकदा मी सखाराम यायच्या आधीच लावली. भाऊसाहेबांनी ती सखारामकडून पुन्हा उघडवली आणि पुन्हा तोच निरोप धाडला. बाकीचे दोघे कारकून गालात हसले.

कल्याणातली कचेरी. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झालेली. मी मॅट्रिक झालेला महार, टेम्पररी कारकून. शिवाशिव कायद्याने बंद, म्हणून मला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं. पण माझ्याशी बोला, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? दोन वर्षांत त्या माणसाने मला एक शब्द थेट सांगितला नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं. शिवी निदान माणसाला देतात.

सखाराम रत्नागिरीकडचा. वाईट नव्हता. भाऊसाहेब "त्या गाढवाला सांग" म्हणाले की तो गाढव गाळून निरोप द्यायचा. मी ऐकलंय हे त्यालाही ठाऊक, मलाही. तेवढ्यावरही मला बरं वाटायचं. आता लाज वाटते.

खरी लाज तर पुढे आहे. हा रोग मी घरी नेला. विठ्ठलवाडीला आमची एक खोली. आई, बायको, मी. आईच्या पुढ्यात बसून मी बायकोला सांगायला लागलो, "तिला सांग, खोकायचं तर बाहेर जाऊन खोक." मला कळतसुद्धा नव्हतं. उलट साहेब झाल्यासारखं वाटायचं. थू माझ्या जिंदगीवर.

शिमग्याला सखाराम गावी गेला. दोघे कारकून फिरतीवर. कचेरीत मी आणि भाऊसाहेब, बस. आईला दोन दिवस ताप होता. त्या सकाळी निघताना मी बायकोला म्हटलं, "तिला सांग, येताना औषध आणतो." आई जागी होती. माझ्याकडेच बघत होती.

संध्याकाळी बाटली घेऊन पोचलो तर दारात माणसं. शेजारचा पांडू माझ्या अंगावरच धावून आला. अरे, कुठे होतास? दुपारी एक वाजता धावत येऊन सांगून गेलो की. तू मागच्या खोलीत जुनं दप्तर काढायला गेलेलास, म्हणून तुझ्या शेजारच्या साहेबाला सांगितलं. आई बोलावतेय, लगेच पाठवा म्हणालो. त्यांनी मान हलवली.

मी दप्तर घेऊन आलो आणि कचेरी सुटेपर्यंत त्या माणसाच्या शेजारी बसलो. चार तास. त्याने दोनदा पान खाल्लं.

आईचा श्वास चालू होता, वाचा गेली होती. बायको सांगत होती, दुपारभर तुमचं नाव घेत होत्या. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. मी म्हटलं, मला सांगा, मी सांगते त्यांना. तर म्हणाल्या, "नको. त्यालाच सांगीन."

मी आईचा हात धरला. बोल ना गं आई, मी आलोय, असं म्हणत राहिलो. ती नुसती बघत होती. दिवे लागायच्या वेळी गेली.

तिचं सगळं करून कचेरीत गेलो. सखाराम परतला होता. भाऊसाहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले, त्याला सांग, आईचं कळलं, वाईट झालं. मी उठून त्यांच्या टेबलासमोर गेलो. निरोप तुमच्याकडे आला होता, मला का सांगितला नाही, असं विचारलं.

त्यांना राग आला नाही. प्रश्नच त्यांना अडाणी वाटला.

"सखाराम, त्याला सांग, त्या दिवशी तू गावी होतास. सांगायला कोणी नव्हतं."

चिठ्ठी टाकायची होती. भिंतीकडे तोंड करून बोलायचं होतं, मी ऐकलं असतं. आमच्या पिढ्यान् पिढ्या तसंच ऐकत आल्यात.

सखारामने तोंड उघडलं. मी म्हटलं, "दादा, तू बोलू नकोस." मग भाऊसाहेबांना म्हटलं, "मी इथे उभा आहे. मला सांगा."

ते कागद चाळत राहिले. त्या दिवसापासून सखारामच्या तोंडून आलेला एकही हुकूम मी पाळला नाही. महिनाभरात नोकरी गेली. वरिष्ठांचे हुकूम ऐकत नाही, असा शेरा. साक्षीदार सखाराम. खाली बघून म्हणाला, मी निरोप पोचवले, यांनी ऐकले नाहीत. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आता मी रेल्वेच्या यार्डात पोती उचलतो. माझ्या खुर्चीवर आमच्यातलाच दुसरा मॅट्रिक बसलाय, आणि त्याच्यासमोरही सखाराम उभा राहतो म्हणे. हे बदलेल असं मला वाटत नाही. आईला काय सांगायचं होतं, ते तिच्याबरोबर जळलं.

पण तिसऱ्याच्या तोंडून आलेला शब्द मी आता घेत नाही. देतही नाही. काल मुकादम शेजारच्या हमालाला म्हणाला, त्याला सांग, ती गोणी उचल. मी हातातली गोणी खाली ठेवली आणि मुकादमासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने मला दिवसभरासाठी हाकलून दिलं. उद्याही उभा राहीन.