चीनमधल्या टीव्हीवरचं बीजगणित

चीनमधल्या हॉटेलात रात्री दीड वाजता झोप येईना म्हणून टीव्ही लावला, तर चक्क बीजगणिताची शिकवणी चालू होती. भाषा कळत नव्हती, पण गणित कळत होतं. चौथ्या ओळीत बाईंचं उणे चिन्ह सुटलं. मी लगेच पकडलं. त्यांनाही ते दिसलं. त्या खळखळून हसल्या आणि फळा पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून निघाल्या.

चीनला निघण्याआधी अशाच चुकीवरून मी मुलीची वही आपटली होती. तेव्हापासून तिने अबोला धरला होता. चूक पकडणं मला भाषेविना जमलं. हसणं मात्र मराठीतही जमलं नव्हतं.

घरी अकरा वाजले होते, ती अभ्यासाला जागी असणार. फोन लावला.

"अगं, इथे टीव्हीवर गणित शिकवणाऱ्या बाईंचंही उणे सुटलं."

पलीकडे हसू फुटलं.

"मग टीव्ही आपटलात का, बाबा?"