राखलेला रमणा

मी निघाले त्या दिवशी आबा मला निरोप द्यायला घरी नव्हते, रमण्यात होते. शहरातून मागवलेली गाडी दारात उभी, बॅगा टपावर बांधलेल्या, शेजारच्या बाया ओटी भरायला ताटकळलेल्या आणि माझे वडील गवतात! शेवटी मीच पळत गेले. गावाच्या वरच्या अंगाला, शेंद्र्याकडं उतरणारा तो माळ. निजामाच्या काळात तिथं सरकारी घोड्यांसाठी गवत राखायचे, म्हणून तो रमणा. पोलीस ॲक्शननंतर घोडे गेले, माळ गावाकडं आला, नाव आणि शिस्त मात्र राहिली. बी पडल्याशिवाय रमण्याला विळा लावायचा नाही. कार्तिकात एक जाणता माणूस पवन्या गवताचा तुरा तळहातावर चोळून फुंकर मारायचा. बी सुटं झालं की म्हणायचा, "घाला विळा." मग सगळ्या घरांची कापणी, आणि त्यानंतर गुरं मोकळी. तो मान आबांचा होता.

मी पोचले तेव्हा त्यांच्या तळहातावर बी होतं. मला रडू फुटलं. "रडू नको, बी भिजंल," आबा म्हणाले. मग माझ्याकडं न बघताच, "जा माय. तिकडं गवत कसं असतं, तेवढं सांग."

न्यूझीलंडच्या विमानतळावर तपासणीवरच्या एका बाईनं मला बाजूला घेतलं. आईनं गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या माझ्या लोकरी मोज्यांत रमण्यातली कुसळं घुसली होती. बाहेरचं बी देशात शिरू द्यायचं नाही, म्हणून तिनं चिमट्यानं एकेक उपटून पिशवीत सीलबंद केलं. आमचे हे, जे नोकरीमुळं आधीच इथं आले होते, बाहेर ताटकळत उभे. गावातलं तेवढंच माझ्यासोबत आलं होतं, तेही सरकारजमा झालं. तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं गाजरगवतानं आमचं जे केलं ते बघितल्यावर त्या बाईचा हेवा वाटायला लागला. आमच्या वेशीवर चिमटा घेऊन कोण उभं होतं?

इथं गवताला काय तोटा! टेकड्याच्या टेकड्या हिरव्या. पण हे गवतही गोऱ्यांनी बाहेरून आणून पेरलेलं, मूळचं रान तोडून. म्हणजे माझ्यासारखंच उपरं, फक्त ते माझ्यापेक्षा चांगलं रुजलं. घरापुढचं गवत शेजारी दर शनिवारी मशीननं भादरतो. आबांना सांगितलं तर ते चक्रावलेच. "बी पडूच देत नायत? मंग पुढल्या साली काय करतेत?"

मग रमण्याचा मोठा तुकडा कारखान्यांसाठी गेला. मी कुणाला नावं ठेवू? माझ्या भावाला, दत्ताला, तिथंच नोकरी लागली आणि त्याची पोरं इंग्रजी शाळेत गेली. पण चराई आटली तशी एकेका घरानं गुरांना बाजार दाखवला. टेकडीखालची एक पट्टी तेवढी उरली. आबांनी गाव जमवून शपथ घ्यायला लावली, की या पट्टीत ना विळा, ना खूर. "राखलं की येतं," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या बापजाद्यांची भाषाच ती.

पहिल्या वर्षी गवत कमरेला लागलं. गाव सोडून वाळूजला, पुण्याला, दुबईला गेलेल्या तुम्हा सगळ्यांना ते व्हिडिओ आले असतील. मी तर इथं ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरले. त्याच सुमारास बांधकामावरची एक बिहारी बाई शेळ्यांसाठी खालच्या कोपऱ्यातून रोज भारा नेऊ लागली. एक दिवस आबा काठी घेऊन तिच्यामागं धावले. "माझ्या रमण्यात चोरी!" फोनवर सांगताना त्यांचा आवाज केवढा तरणा झाला होता.

पुढच्या सालापासून मात्र चित्र फिरलं. जुनं गवत वाळून तिथंच उभं राहायचं, त्याखाली नवा कोंब पिवळा पडायचा. मशीननं उकरलेल्या रस्त्याच्या कडेनं गाजरगवत आत शिरलं. पाखरांच्या विष्ठेतून घाणेरीची झुडपं उगवली. आबा सगळं हातानं उपटायचे. त्या गाजरगवतानं त्यांचे हात फुटले, त्यातून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी बजावलं, त्याच्या जवळ जाऊ नका. पालथ्या घड्यावर पाणी! मी समुद्रापलीकडून ओरडायचे, ते मुकाट्यानं फोन आईच्या हातात द्यायचे.

गेल्या कार्तिकात मी गेले, तेव्हा आबा मला तिथं घेऊन गेले. घाणेरीतून वाट काढता काढता माझी ओढणी दहादा अडकली. रमणा म्हणावं असं काही उरलं नव्हतं. फक्त खालच्या कोपऱ्यात पवन्या उभा होता, स्वच्छ, तुऱ्यावर आलेला.

"आबा, इथंच कसा राहिला हा?"

आबांनी वाकून एक तुरा हातात धरला. मग म्हणाले, "इथं ती बाई कापायची. गेल्या सालापस्तोर, चोरून." आणि तुरा सोडून देत, "म्या हाकलली तिला."

आम्ही तसेच कामगारांच्या पत्र्याच्या झोपड्यांकडं गेलो. पत्रे निघाले होते, माणसं पुढच्या साइटवर गेलेली. आबा वॉचमनला विचारत होते, "त्या शेळ्यावाल्या बाई कुठं गेल्या हो?" वॉचमनला काय ठाऊक असणार? परत येताना आबा एवढंच म्हणाले, की आपल्या वाडवडलांनी राखलं तसं कापलंही, चारलंही; आपण निम्मंच लक्षात ठेवलं. मला त्यांचा फार राग आला आणि फार कीवही आली. दोन्हीचा काही उपयोग नव्हता. आठवड्यानं माझं विमान होतं.

परवा शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. तिकडं सकाळ होती. इथं शेजाऱ्याचं मशीन चालू होतं, म्हणून मी आत गेले.

"घातला विळा," आबा म्हणाले. "हाताला फडकी बांधली व्हती. कोपऱ्यापुरतंच कापलं. बी झडलं व्हतं, तपासलं म्या."

"बरं केलं, आबा."

"व्हय. चार पेंढ्या झाल्या." आणि मग, "आता खाणारं कोण हाय गं? गावात एक गाय नाय."

पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथं आपली वाट पाहणारी माणसं असतात. आता वाटतं, घर म्हणजे जिथलं गवत कापलं की ते खाणारं कुणीतरी असतं. तसं घर मला इथं नाही. आबांना तर ते गावात राहूनही नाही. हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

"आबा," मी म्हणाले, "हात धुतले का?"