मारकुट्या आणि अक्का

धुळ्याला आमच्या शाळेत वर्ग चालू असताना शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, जळगावहून फोन आहे." मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत जाताना मला वाटत होतं, दिवाळीला कधी येतेस ते विचारायला अक्कानेच केला असेल. रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडे भाऊजी. "सुमन, सिंधू गेली," ते म्हणाले. "सकाळी चहा घेऊन काचेच्या टाकीपाशी बसली होती. मी आतून हाक मारली. उत्तर आलं नाही. मला वाटलं, काहीतरी बघत असेल..." एस.टी.त बसले, पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि माझ्या डोक्यात ते एकच वाक्य फिरत होतं. काहीतरी बघत असेल. अक्काच्या घरात तिच्या गप्प राहण्याचा दुसरा अर्थ कोणी कधी काढलाच नव्हता.

सिंधूअक्का माझी थोरली बहीण. रावेरकडच्या एका गावात, केळीच्या बागेत आम्ही वाढलो. समुद्र आमच्या घरात कोणीच पाहिलेला नव्हता. लग्न होऊन ती जळगावला गेली. भाऊजींचा तिथे बर्फाचा छोटा कारखाना होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी भाऊजी जुना कॉम्प्रेसर बघायला गुजरातेत वेरावळला गेले. मासळीचं बंदर, त्यामुळे तिथे बर्फाचे कारखाने पुष्कळ. सौदा जमला नाही. पण ओहोटीच्या वेळी हे गृहस्थ खडकांवर फिरायला गेले, आणि परत आले ते खाऱ्या पाण्याचे दोन कॅन आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दगड घेऊन. त्यांच्या आईने कपाळावर हात मारला. "लोकं परगावाहून काय काय आनता, अन् तू दगडं आनले?" अक्काने मात्र गोणपाट सोडलं, एक दगड परातीत ठेवून त्यावर पाणी ओतलं, आणि पदर खोचून तिथेच खाली बसली. थोड्या वेळाने दगडातून प्रवाळाच्या बारीक बारीक पाकळ्या उघडायला लागल्या. सासूबाईसुद्धा वाकून बघू लागल्या.

टाकी भाऊजींनी काचवाल्याकडून करून घेतली आणि पुढच्या खोलीत लोखंडी घोडीवर ठेवली. समुद्राचं पाणी मासळीच्या ट्रकवाल्यांना सांगून मागवायचे. ते दिवसेंदिवस निवळत ठेवायचं, कापडातून गाळायचं. जळगावच्या मे महिन्यात माणसं उकडून निघतात तिथे प्रवाळाची काय कथा! पण बर्फ घरचाच होता. बर्फ भरलेला प्लास्टिकचा डबा पाण्यावर तरंगत ठेवायचा, वितळला की बदलायचा. वीज गेली की हवेचा पंप बंद पडायचा. मग अक्का सायकलचा पंप घेऊन पाण्यात हवा मारत बसायची. मुंबईहून भाऊजींनी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे आणले, आणखी दगड आणले, मऊ बोटांसारखं हलणारं जांभळं प्रवाळ आणलं. गल्लीतली माणसं पाहुण्यांना घेऊन यायची. वरणगावहून, पाचोऱ्याहून नातेवाईक येत आणि चहा हातात धरून समुद्र बघत बसत. भाऊजींचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असे.

मग मासे नाहीसे व्हायला लागले. मेलेला मासा सापडला असता तर समजलं असतं. इथे मासाच नसे. आणि टाकीतून अधूनमधून आवाज यायचा : टक्. खडा काचेवर मारावा तसा. सासूबाईंना वाटलं, काच तडकते आहे. भाऊजींना मांजराचा संशय. अक्काने घरातली कामं उरकून दुपारभर टाकीसमोर पाट मांडला. मी उन्हाळ्याच्या सुटीत तिथेच होते. एकदा तिने माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. "सुमे, त्या डाव्या दगडाचं भोक बघ." भोकात दोन डोळे होते. देठांवर बसवलेले, आणि एक इकडे फिरतोय तर दुसरा तिकडे. एक डोळा आमच्याकडे रोखलेला, दुसरा शेवटच्या केशरी माशाकडे. मी किंचाळलेच. अक्का हळूच म्हणाली, "म्हणजे हा पहिल्यापासून इथेच राहत होता. आपल्यालाच माहीत नव्हतं."

कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या एका सरांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, हा कोळंबीचा लांबचा भाऊबंद. पुढच्या पायांची कोपरं गदेसारखी असतात, त्यांनी हा शिंपले फोडतो. भाऊजी म्हणाले, "उद्या तो दगड उकळत्या पाण्यात टाकतो." केशरी मासे त्यांच्या फार जिव्हाळ्याचे होते. "टाका," अक्का म्हणाली, "पण आधी मला तो सगळा बघू द्या. आत्तापर्यंत नुसते डोळेच पाहिलेत." त्याला बाहेर काढायचं तर आमिष हवं. त्या माळकरी घरात तिने आयुष्यात पहिल्यांदा बाजारातून सुकट आणली. सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. सुकट बाटलीत घालून बाटली टाकीत आडवी ठेवली, आणि तो आला. बोटभर लांबीचा, हिरवा, पायांना लालसर कडा, पाठीवर मोरपिसाची झाक. बाटलीतून काढताना त्याने अक्काच्या अंगठ्यावर असा ठोसा दिला की रक्ताची धार लागली. भाऊजी संतापून ओरडले. ही अंगठा तोंडात धरून हसत होती. "मारकुट्या आहे मेला!" तेच त्याचं नाव पडलं. त्याला तात्पुरतं स्टीलच्या पातेल्यात ठेवलं तर तो पातेल्याला ठोसे मारायला लागला आणि सगळ्या घरात टण् टण् घुमायला लागलं. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "घंटी कोन वाजवी राहिलं?" आणि मग खरं कळल्यावर त्यांना हसू आवरेना. त्या हसल्या, तसा त्याचा जीव वाचला. जाड काचेची निराळी छोटी टाकी करून त्याला मोठीच्या शेजारी ठेवलं.

पण न बोलावता आलेला तो काही एकटा नव्हता. काचेसारखी पारदर्शक, बोटाच्या पेराएवढी फुलं दगडांवर उगवायला लागली. दिसायला नाजूक, पण जवळच्या प्रवाळाला डंख मारून कोमेजवून टाकायची. अक्काने चाकूने ती खरवडली. उरलेल्या प्रत्येक कणातून नवीन फूल आलं. मग तिने सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला, पातळ कालवून इंजेक्शनच्या पिचकारीने एकेकाच्या तोंडात घातला, आणि हे जमलं. पण एका कोपऱ्यातली चार-पाच तिने मुद्दाम ठेवली. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, "सगळंच मारून टाकल्यावर ते काय होतं ते कळणार कसं?" शिवाय गोमीसारखे केसाळ किडे होते. दिवसा दगडाखाली, सावली पडली की बाहेर. मी एकदा मदत करायला म्हणून दगड उचलला आणि माझ्या बोटांत न दिसणारी कुसळं घुसली. नुसती आग. अक्काने चिकटपट्टी लावून लावून ती ओढून काढली, आणि काढताना प्रत्येक पट्टी उजेडात धरून बघत होती. माझ्या डोळ्यांत पाणी, आणि ही म्हणते, "किती बारीक आहे गं, बघ तरी!" मला तिचा रागच आला होता.

खरा घाव पुढे बसला. नव्वद साल उजाडून गेलं होतं. मे महिन्यातच कारखान्याचा कॉम्प्रेसर बसला. भाऊजी सुट्या भागांसाठी सुरतेला गेले ते तिथेच अडकले. विजेचाही लपंडाव चालू होता. अक्काने बाहेरून बर्फ आणून बघितला, ओली पोती लावली, खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडले. पाणी तापतच गेलं. जांभळं प्रवाळ चिकट होऊन गळून पडलं. नवे आणलेले मासे पाण्यावर आले. भाऊजी परत आले तेव्हा घरभर वास होता. दोघांनी मिळून मेलेलं सगळं काढलं. कॉम्प्रेसर काही धड झाला नाही. गावात मोठा कारखाना आला होता, घरोघरी फ्रीज होत होते. त्या वर्षीच आमचा कारखाना बंद पडला. आमचा म्हणते, कारण दर सुटीत त्या कारखान्याचा बर्फ खाऊनच आम्ही बहिणी-भाचरं लहानाची मोठी झालो होतो. भाऊजी पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायला लागले. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवायचे, पुन्हा येऊन बसायचे. दाढी वाढलेली. कोणी आलं की उठून आत जायचे. अक्का मला फोनवर म्हणाली होती, "सुमे, घरात माणूस आहे अन् नाही पण..." तिला रडताना मी तेवढंच ऐकलं.

टाकीत उरलं होतं काय? केसाळ किडे. कोपऱ्यातली काचफुलं. आणि छोट्या टाकीत मारकुट्या. सगळे नकोसे तेवढे जगले होते. भाऊजी म्हणाले, "रिकामी कर ती." अक्का म्हणाली, "करते," आणि केली नाही. किड्यांनी मेलेलं सगळं खाऊन तळ स्वच्छ केला होता, हे तिने पाहिलं होतं. ती पुन्हा रोज समोर बसू लागली. नवरा खुर्चीत, ही पाटावर, दोघं एकाच दिशेला तोंड करून. तो काळ मला कसातरीच आठवतो.

नंतरचं मला भाऊजींनीच सांगितलं. एका सकाळी त्यांची नजर छोट्या टाकीकडे गेली. मारकुट्या भोकाबाहेर आडवा पडला होता. हालचाल नाही, रंग उडालेला. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि कित्येक आठवड्यांनी आपणहून बोलले, "सिंधू, तुझा मारकुट्या गेला." अक्काच्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. तिने येऊन त्याला चमच्यावर उचललं तर वजनच लागेना. आतून पोकळ. डोळ्यांचे देठ, ठोशाची कोपरं, सगळं होतं, फक्त तो नव्हता. "सापासारखी कात टाकली का याने?" भाऊजी म्हणाले. "मग तो कुठंय?" दगडाचं भोक आतून खडे रचून बुजवलेलं होतं. दोघंही तिथे बसले. त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. भाऊजी जेवतानासुद्धा ताट घेऊन टाकीपाशी येत. आणि मग एका दुपारी आतून आवाज आला : टक्. भोकातला एक खडा ढकलला गेला, आणि दोन डोळे बाहेर आले. एक भाऊजींकडे, एक अक्काकडे. "मी इतका हसलो," भाऊजी मला म्हणाले, "की आई घाबरून बाहेर आली."

अक्काने ती वेळ सोडली नाही. "नवं कवच मऊ असेल त्याचं. आता पुन्हा पाणी तापलं तर हा मरेल. काहीतरी करा." "त्या खुन्यासाठी?" "हो, त्याच्यासाठीच." भाऊजींनी भंगारातून जुना फ्रीज आणला, त्याची नळी प्लास्टिकच्या पाइपातून टाकीत फिरवली, तीनदा बिघडवली, चौथ्यांदा जमवली. हे काम चालू असताना शेजाऱ्यांनी आपला बंद पडलेला फ्रीज दाखवला. मग त्यांच्या जावयाने. पुढे त्याचंच दुकान झालं, आणि आज जळगावात फ्रीजवाले म्हणूनच त्यांना ओळखतात. बर्फवाले म्हणणारी माणसं आता फारशी राहिली नाहीत.

मारकुट्या पुढे काही वर्षं जगला. केशरी मासे अक्काने पुन्हा आणू दिले नाहीत. "त्यांना आपण आणतो, हे आपले आपण आलेत," असं म्हणायची. एकदा तिला मी द्वारकेला नेलं. देवदर्शन भराभर उरकून तिने मला ओहोटीच्या खडकांवर नेलं, आणि उन्हात साडी गुडघ्यापर्यंत भिजवून दगड उलटत बसली. प्रत्येक दगड खालचं बघून झाल्यावर होता तसा परत ठेवत होती. मी वर कोरड्या वाळूत बसून वाट बघत होते. आता वाटतं, उठून तिच्याजवळ जायला काय हरकत होती... पण असं खूप काही वाटतं.

अक्काचे दिवस झाल्यावर काही आठवड्यांनी मी पुन्हा जळगावला गेले. तिच्या साड्या वाटायच्या होत्या. घर शांत. भाऊजी दुकानात गेलेच नव्हते. पुन्हा ती खुर्ची का? पण ते पाटावर बसले होते. या वयात, मांडी घालून. हातात भिंग. "सुमन, इकडे ये. चष्मा लावून ये," ते म्हणाले. काचेच्या आतल्या बाजूला तांदळाच्या कणीएवढं, करडं काहीतरी चिकटलं होतं. नीट बघितलं तर चांदणी, इवलासा तारामासा. पण दोन हात मोठे आणि बाकीचे अगदी इवले, नुकते फुटल्यासारखे. "कुठून आली? वर्षभरात एक दगड नवीन घातलेला नाही," भाऊजी म्हणाले. "आणि एकटी नाही, खाली आणखी आहेत." मी विचारलं, "काढून टाकायच्या का? वाढल्या तर त्रास देतील." त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी उठून आतून दुसरा पाट आणला, पुसला, आणि आपल्या पाटाशेजारी मांडला.

चांदणी काचेवरून वर सरकत होती. इतकी सावकाश, की सरकते आहे हे तिच्याकडे बघून कळत नव्हतं, काचेवरचा डाग मागे पडला की कळायचं. साड्या कपाटात तशाच राहिल्या. धुळ्याची शेवटची गाडी गेली असेल, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.