प्रणवचा उजवा कान

आमचा प्रणव बोळिंजच्या एका सोसायटीत पोरांना पोहायला शिकवतो. शिकवतो म्हणजे काठावर उभा राहून, गळ्यात शिट्टी अडकवून. स्वतः डोकं पाण्याखाली घालत नाही. तिथल्या आयांना वाटतं, सर आळशी आहेत. आळशी? अहो, हा पोरगा सहा वर्षं अंदमानात लोकांना समुद्राच्या तळाशी फिरवून आणत होता! त्याला काठावर कोणी बसवलं ते मला विचारा. मी दिवाकर चुरी, त्याचा सख्खा काका, राहणार निर्मळ.

त्याला पहिल्यांदा पाण्यात टाकलं तेही मीच. आमच्या वाडीत बावखल आहे, केळींना पाणी द्यायचं जुनं तळं. प्रणव पाच वर्षांचा होता. पाठीला सुक्या नारळांची जोडी बांधली आणि दिला ढकलून. त्याची आई मेघना काठावरून ओरडत होती, "भावोजी, पोर बुडेल माझं!" बुडतंय कसलं! आठवड्यात नारळ सुटले. मग आमचा खेळ सुरू झाला. बुडी मारायची, तळाचा चिखल मुठीत घेऊन वर यायचं, आणि तोवर दम धरायचा. ज्यानं मध्येच तोंड उघडलं त्याच्या डोक्यात माझी टपली. "पाण्यात दम सोडला तो मेला," असं मी आळीतल्या तीस-चाळीस पोरांना तरी शिकवलं असेल.

कॉलेज झाल्यावर प्रणव अंदमानात जाऊन स्कुबा शिकला आणि तिथेच शिकवायला लागला. फोन करायचा तो माशांबद्दल बोलायला. "काका, आज शार्क अगदी शेजारून गेला." मी म्हणायचो, "मोरीच ना रे ती? आगाशीच्या बाजारात टोपलीत पडलेली असते. मसाला लावून आण!" तो हसायचा. म्हणायचा, "एकदा या तर खरं. तुम्ही नसता तर मी इथे नसतो."

गेल्या वर्षी गेलो. साठी उलटली होती, पण पोहण्यात माझा हात कोण धरणार? प्रणवनं पाठीवर हवेची टाकी बांधली, तोंडात नळी दिली आणि बजावलं, "काका, एकच गोष्ट. श्वास धरून ठेवायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. वर येताना तर अजिबात धरायचा नाही, आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं." एकदा नाही, तीनदा सांगितलं. मी बोटीवरच्या पाहुण्यांसमोर म्हटलं, "मला शिकवतोस होय रे? तुला पाण्यात टाकलं कोणी?" त्यानं माझ्या टाकीचा पट्टा आवळला.

खाली गेलो. प्रणवचा हात माझ्या दंडाला होता. मग त्यानं बोट दाखवलं आणि एका खडकाखालून शार्क निघाला. पाठीवरच्या पराचं टोक पांढरं, लांबीला जवळजवळ माझ्याएवढा. बाजारातली मोरी अशी बघत नाही हो आपल्याकडे. तो काही करत नव्हता, आपला वळत होता. प्रणवनं खूण केली, शांत राहा. आणि मी काय केलं? पन्नास वर्षं केलं तेच. दम धरला आणि बावखलाच्या तळातून निघावं तसा सरळ वर निघालो.

प्रणवनं पाय धरला, मी झाडला. त्यानं मला गाठून पोटात गुद्दा मारला, चांगला जोरात. छातीतली हवा भसकन बाहेर पडली. माझं टाळकंच सरकलं. लाथ घातली ती टाच त्याच्या उजव्या कानावर बसली. बोटीवर आल्यावर त्याचे साहेब, पाहुणे, सगळ्यांसमोर तोंडाला येईल ते बोललो. "काकावर हात उचलतोस? यासाठी बोलावलंस मला?" प्रणव कान दाबून बसला होता, बोटांमधून रक्त येत होतं. "सॉरी काका," एवढंच म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, आतला कान गेला. त्या बाजूनं ऐकू येणार नाही आणि पाण्याखाली पुन्हा जायचं नाही, कधीच नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो गुद्दा बसला नसता तर तुम्ही आज इथे नसता." तिथेच पोराचे पाय धरायला हवे होते. मी चहा प्यायला खाली गेलो.

गावी येऊन तर त्याहून वाईट वागलो. मेघनानं विचारलं, कान कशानं गेला? प्रणव म्हणाला, "पाण्याच्या दाबानं." मीही तेच पुढे रेटलं. वर आगाशीच्या नाक्यावर, मी शार्कसमोर कसा ठाम उभा राहिलो ते रंगवून सांगायला लागलो. कोणीतरी प्रणवला विचारलं, खरं का रे? तो म्हणाला, "खरं आहे." लाज वाटली मला, पण तोंड काही थांबलं नाही.

परवा त्याचा डबा घेऊन बोळिंजला गेलो. ओवी नावाची एक चिमुरडी पाण्यातून ओरडली, "सर, हेच का शार्कवाले आजोबा? आजोबा, तुम्ही घाबरला नाहीत?" सगळी पोरं थांबली. प्रणव नेहमीसारखी मान डोलवायच्या बेतात होता. मला ते बघवेना.

"घाबरलो," मी म्हटलं. "पळालो. तुझ्या सरांनी मला वाचवलं आणि मी त्यांच्या कानावर लाथ मारली. म्हणून ते पाण्यात उतरत नाहीत."

पोरगी प्रणवकडे बघत राहिली. त्यानं शिट्टी वाजवली, पोरं पुन्हा पोहायला लागली. मग तो माझ्याजवळ येऊन बसला.

"काका, तुम्ही शार्क नीट बघितलाच नाही," म्हणाला. "तुम्हाला दाखवायचा म्हणून ती जागा मी वर्षभर हेरून ठेवली होती."

"चुकलो रे बाबा," मी म्हटलं.

तो पोरांकडेच बघत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो होतो. मग उठलो, वळसा घालून डावीकडे जाऊन बसलो आणि पुन्हा म्हटलं.