पुडीची पहिली चाचणी

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. मोसंबी नेतात, आणि सोबत एक रामबाण औषध. पिंपळगाव बसवंतच्या माझ्या आत्याला कॅन्सर झाल्याचं कळलं आणि तिच्या फडताळात इतक्या बाटल्या-पुड्या जमल्या, की द्राक्षबागेवर फवारायच्या औषधांचं दुकान फिकं पडावं. आणणाऱ्यादेखत चमचाभर घेतलं नाही तर तो रुसणार, हेही ठरलेलं.

जुन्या औषधांचा आत्याला उपयोग होईनासा झाला होता. नाशिकच्या रुग्णालयात एका नव्या औषधाच्या चाचणीत तिला घेता येतं का, ते बघत होते. अट एकच, बाहेरचं काही घ्यायचं नाही. नाहीतर कशाने काय झालं ते कळणार कसं?

मी पत्रकं काढणारी. कचऱ्यावर काढली, झाडतोडीवर काढली, मग पाहुण्यांवरही काढलं. त्यात लिहिलं: चाचणीतलं हे नवं औषध आधी प्रयोगशाळेत पेशींवर तपासलं, मग उंदरांवर. मग मोजक्या रुग्णांवर, किती डोस सोसतो ते बघायला. मग आणखी काहींवर, गाठ आटते का बघायला. आता जुन्या उपचाराशी तुलना आहे. कुणाला कोणता उपचार, ते डॉक्टरची मर्जी नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. खाली ठळक अक्षरात: 'तुमची पूड यातल्या कुठल्या पायरीवर आहे?'

आत्याच्या दिरांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं. "झकास लिहिलंस पोरी," म्हणाले. आणि दोन दिवसांनी वणीकडच्या कुणा वैद्याची पूड घेऊन आले. माझ्याच पत्रकात बांधून.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी विचारलं, "बाहेरचं काही घेता?"

आत्या पदराचं टोक न्याहाळू लागली. दिराची अब्रू होती ना. मी फडताळातून उचलून आणलेली पुडी टेबलावर ठेवली.

"तुमच्या यकृताचा रिपोर्ट बिघडलाय," बाई म्हणाल्या. "यानेच बिघडला का, सांगता येत नाही. हे बंद करा, काही आठवड्यांनी परत रक्त तपासू. तोवर चाचणीत जागा राहीलच असं नाही."

घरी दीर वाटच बघत होते. "पूड लागू पडली का, वहिनी?"

"पडली की. माझी जागा चाललीय."

"वनस्पती हाय ती. अपाय नाय काही."

"मग भाऊजी, आधी तुम्ही घ्या. रोज, माझ्यासमोर."

"मला काय झालंय?"

"म्हणूनच. उंदीर कुठं हुडकू मी?"

"मला पित्त होतं त्याने," ते पुटपुटले. त्या पुडीचा हा पहिला नोंदलेला दुष्परिणाम.

मग आणणाऱ्याने आधी स्वतः घ्यायचं, ही अट सगळ्यांना लागू झाली. नुसती मोसंबी येऊ लागली.

पुढच्या तपासणीत रक्त सुधारलेलं निघालं. जागाही शिल्लक होती. आत्याने विचारलं, "लागू पडंल का हे?"

"माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माहीत असतं तर चाचणी कशाला घेतली असती?"

आत्या माझ्याकडे वळली. "इतक्या दिवसांत माहीत नाय म्हणणारं हे पहिलंच माणूस," ती म्हणाली, आणि संमतीपत्रावर सहीसाठी पेन मागितलं.