विभावरीची वीस बोअर

माझी भावजय हरणं मारते, हे मी मिरजेत अजून कुणालाही सांगितलेलं नाही. सांगू तरी कोणत्या तोंडानं? आमच्या घरात चुकून अंडं फुटलं, तर आई ओटा दोनदा धुवायची.

धाकटा भाऊ श्रीधर आणि त्याची बायको विभावरी चौदा वर्षं जर्मनीत, इंगोलश्टाटला आहेत. दोघंही गाड्यांचे इंजिनिअर. विभावरी एवढीशी, पाच फुटांना दोन बोटं कमी, मुंगीला वाट देणारी. तीन वर्षांपूर्वी कामावर जाताना तिच्या गाडीपुढे हरीण आलं. पुढचे दोन्ही पाय मोडून ते रस्त्याकडेला पाऊण तास तडफडत होतं, आणि ही बाई शिकारी येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली. तिकडे प्रत्येक जंगलाचा शिकारी ठरलेला असतो. हरणं फार झाली की झाडांची रोपं खातात, गाड्यांखाली येतात; ती आटोक्यात ठेवणं हे त्याचं काम. ओबरमायर नावाचा तो म्हातारा आला आणि एका गोळीत त्यानं जनावराला सोडवलं. दुसरी कुणी असती तर घरी येऊन चार दिवस रडली असती. हिनं शिकारीच्या परीक्षेचा क्लास लावला!

"ताई, तूच समजव तिला," श्रीधर फोनवर म्हणाला. म्हणून मी सप्टेंबरात गेले. तोवर परीक्षा पास होऊन परवानासुद्धा आला होता. राहिली होती फक्त बंदूक.

"घरात एकच हत्यार येईल," श्रीधरनं बजावलं होतं. बहुतेक लोक हरणासाठी रायफल घेतात म्हणे. पण हिला कबुतरांसाठी छर्रेही उडवता यायला हवे होते, आणि ओबरमायरच्या दाट जंगलात, एखादी मोकळी जागा सोडली तर, पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढचं दिसतच नाही. म्हणून शॉटगन. हरणावर छर्रे मारायला कायद्यानं बंदी. त्याच्यासाठी त्याच नळीत एक जड गोळी घालायची, तिला स्लग म्हणतात. हे सगळं विभावरीनं मला दुकानात उभ्याउभ्या मराठीत करून सांगितलं. मी सोबत गेले होते, समजवायला.

दुकानदारानं बारा बोअरची काढली. विभावरीनं नेमबाजीच्या रेंजवर ती चालवून पाहिली होती, खांदा आठवडाभर काळानिळा. तिला हलकी हवी, धक्का कमी हवा, आणि हरीण मात्र जागच्या जागी पडायला हवं.

"आखूडशिंगी, बहुदुधी!" मी म्हटलं.

"म्हणून तर वीस बोअर बघतेय, शोभनाताई. ती लहान असते."

मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. वीस म्हणे बारापेक्षा लहान! मी तिथेच वाद घातला. ती हसली. "एक पौंड शिशाचे लाडू वळा. बारा वळले तर मोठे होतात, वीस वळले तर लहान. ज्या नळीत जो लाडू बसेल, तो तिचा नंबर." कर्म माझं, बरोबर होतं. त्याहून बारीक नळीची एक होती, पण ती हरणाला पुरायची नाही, असं दुकानदारच म्हणाला. शेवटी वीस बोअरची, एकावर एक दोन नळ्यांची बंदूक ठरली. स्लग मारायची तर नळीचं तोंड आवळलेलं नको, मोकळं हवं, हेही त्यानं दोनदा सांगितलं.

मग तीन शनिवार रेंजवर. चार कंपन्यांच्या स्लग आणल्या, कारण प्रत्येक बंदुकीला आपलीच एक गोळी मानवते. विभावरीनं प्रत्येक भोक व्हर्नियरनं मोजून वहीत लिहिलं. एका कंपनीची गोळी तेवढी लागू पडली. पस्तीस मीटरवर खालच्या नळीच्या पाच गोळ्या वाटीएवढ्या जागेत. वरच्या नळीच्या मात्र चार बोटं डावीकडे. पन्नास मीटरवर तर सगळ्याच जेवणाच्या ताटाएवढ्या पसरल्या. हरणाचं काळीज असतं पुरीएवढं.

"म्हणजे फक्त खालची नळी, आणि फक्त पस्तीसच्या आत," विभावरी म्हणाली. ओबरमायरनं मान हलवली, पण स्वतःची अटही घातली. "फ्राऊ देवा," तो म्हणाला. फ्राऊ म्हणजे बाई, आणि देवस्थळी हे आडनाव त्याच्या जिभेला झेपत नाही. पुढचं विभावरीनंच मला मराठीत सांगितलं. "एक जरी जनावर जखमी होऊन पळालं, तर माझ्या जंगलात परत पाऊल टाकायचं नाही."

तिचा चेहरा उतरला. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

"मारायचंच असेल तर माझ्यासमोर मार," मी म्हटलं. माझ्यादेखत हिचा हात उचलायचा नाही, असा माझा हिशेब. ओबरमायरनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, येऊ दे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, उन्हं उतरताना, आम्ही तिघं एका मोकळ्या जागेच्या कडेला, शिडीवरच्या लाकडी खोपट्यात चढलो. माझे गुडघे काय बोलले ते मलाच ठाऊक. कानांवर डबे चढवले होते. त्यांतून बार ऐकू येत नाही, पण कुजबूज मोठी होऊन येते. पुढे विभावरी, तिच्या बाजूला अंतर मोजायची दुर्बीण घेतलेला ओबरमायर, मागे मी. पाऊण तास कुणी हललं नाही.

मग झुडपातून एक मादी बाहेर आली. आपल्याकडच्या भेकराएवढी. चरायला लागली. विभावरीनं बंदूक खांद्याला लावली. निघून जा गं बाई, मी मनात म्हणत होते.

"ड्रायउंडफ्युन्फ्त्सिश," ओबरमायर कुजबुजला.

विभावरीचं बोट चापावर सरकलं.

मला जर्मन येत नाही, पण आकडे येतात; आल्या आठवड्यातच पाठ केले होते. ते आपल्यासारखेच बोलतात, एकक आधी, दशक मागून. ड्राय तीन, फ्युन्फ्त्सिश पन्नास. त्रेपन्न! आणि विभावरी सगळं इंग्रजीतून लावते. घाईत असली की तिचे आकडे उलटतात. डॉक्टरांचा फोन नंबर दोनदा तिनं असाच चुकीचा लिहिला होता. तिनं पस्तीस ऐकलं होतं.

"विभा, त्रेपन्न!"

मादीनं मान वर केली. ओबरमायरनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला खालीच ढकलतो की काय. विभावरीचं बोट चापावरून निघालं.

मादी पळाली नाही. कान फिरवत उभी राहिली, आणि चार पावलं, आणखी चार पावलं, आमच्याच दिशेनं आली. मूर्ख कुठली! झाडाआड गेली, अलीकडून निघाली, आडवी उभी राहिली.

"नॉयनउंडत्स्वान्त्सिश."

आता विभावरीचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता. मान न वळवता ती पुटपुटली, "शोभनाताई, किती?"

नॉयन नऊ. त्स्वान्त्सिश वीस. मराठीत नऊवीस असं कुणी म्हणत नाही, म्हणून एक क्षण गेला. एकोणतीस. मला कळलं होतं. आणि हेही कळलं होतं, की मी ब्याण्णव म्हटलं तर ही बंदूक खाली ठेवणार. उलटा आकडा, तिच्याच चुकीचा. कुणाला कधी कळलं नसतं. ज्यासाठी मी सातासमुद्रापार आले होते, ते एका शब्दात झालं असतं. मादीच्या नाकातून वाफ निघताना दिसत होती.

पण माझं ऐकून, बरोबर ऐकलेला आकडाही उलटा मानून, ही उद्या त्रेपन्नवर मारायला लागली तर? एकदा आकडा खोटा सांगितला, की पुढचा कुठला खरा मानायचा तिनं?

"एकोणतीस," मी म्हटलं.

धक्का बसला तो पायाखालच्या फळ्यांना. डोळे उघडले तेव्हा मादी होती तिथेच पडली होती. पाय एकदा ताणले, मग काही नाही. एक पाऊलही पळाली नव्हती.

खाली उतरलो. विभावरी हमसून हमसून रडत होती आणि बंदूक मात्र रिकामी करून, सांध्यापाशी उघडून, नीट हातावर घेतलेली. ओबरमायरनं एक हिरवी डहाळी तोडून मादीच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी जखमेला लावली आणि टोपीवर ठेवून विभावरीपुढे धरली. मारणाऱ्याचा तो मान. विभावरीनं ती घेतली, मधोमध मोडली आणि निम्मी माझ्यापुढे केली. ज्यानं मदत केली त्याला वाटा द्यायचा, अशी रीत आहे म्हणे.

"मला नको गं," मी म्हटलं.

ती हात पुढे करून उभीच राहिली. डहाळीच्या देठाला रक्त लागलेलं होतं. मी डहाळी घेतली.